फौजी जखमा आणि विजेचा उपचार

अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठी चालविलेल्या सरकारी इस्पितळांत ज्या अनेक उपचारांची तजवीज आहे, त्यांत पाठीच्या कण्यालगत विजेच्या बारीक तारा बसवून आणि कमरेच्या वरच्या अंगास कातडीखाली एक लहानशी बॅटरी ठेवून जुनाट वेदना दाबून धरण्याचा एक उपचार आहे. आणि इराकातून वा अफगाणिस्तानातून पाय, कंबर किंवा एखादा मज्जातंतू कायमचा जायबंदी होऊन घरी परतलेला, गोळ्यांना विटलेला, एक-दोन शस्त्रक्रिया सोसून बसलेला माणूस डॉक्टरांच्या तोंडून या यंत्राचे नाव प्रथम ऐकतो, तेव्हा ते कालपरवा निघालेले एखादे नवल असावे असेच त्याला वाटते. त्या यंत्रामागे दीडशे वर्षांची परंपरा आहे आणि त्या परंपरेतील बरेचसे ज्ञान त्याच्यासारख्याच जखमी शिपायांच्या देहांवरून वैद्यकाने शिकून घेतलेले आहे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. या इतिहासात यंत्रविद्येचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. परंतु तो वाचताना मला पदोपदी जाणवत गेले ते असे की, डोळ्यांना न दिसणारी वेदना सांगणाऱ्या शिपायाचे म्हणणे खरे मानावे की नाही, हा एकच प्रश्न प्रथम वैद्यांपुढे, मग पेन्शनीच्या कारकुनांपुढे आणि शेवटी न्यायाधीशांपुढे पिढ्यान्पिढ्या उभा राहिलेला आहे.

विजेने वेदना बधिर होते हे ज्ञान तसे फार प्राचीन आहे. रोमन सम्राट क्लॉडियस याच्या काळातील स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने आपल्या औषधसंग्रहात पायाच्या संधिवातावर असा उपाय नमूद करून ठेवला आहे की, रोग्याने समुद्रकाठच्या ओल्या वाळूवर उभे राहून अंगात वीज असलेला जिवंत टॉर्पेडो मासा पायाखाली धरावा आणि तळव्यापासून गुडघ्यापर्यंत सारा पाय बधिर होईतो तेथून हलू नये. पुढे अठराव्या शतकात वीज काचेच्या बरणीत साठविता येऊ लागल्यावर युरोपात वैद्य आणि वैदू या दोघांनीही तिचा उपचारात सढळ वापर केला. पण मज्जातंतूंना जखम झाली म्हणजे नेमके काय होते याचे शास्त्र त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते निर्माण होण्यास एक मोठे युद्ध घडावे लागले.

ते युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेचे यादवी युद्ध होय. त्या युद्धात वापरली गेलेली शिशाची जड, मऊ गोळी अंगात शिरताच पसरे आणि हाड, स्नायू, मज्जातंतू एकदमच फाडून काढी. त्यामुळे जखम भरून आल्यावरही हात किंवा पाय लुळा पडलेले, अथवा असह्य वेदनेने तळमळणारे शिपाई इतक्या संख्येने इस्पितळांत साठले की, फौजेचे सर्जन-जनरल विल्यम हॅमंड यांना अशा रोग्यांसाठी फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन येथे स्वतंत्र इस्पितळ काढावे लागले. सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन या तिघा डॉक्टरांकडे त्या इस्पितळाचे काम होते, आणि एकाच छपराखाली मज्जातंतूंच्या जखमांचे इतके रोगी गोळा झालेले जगाने तोवर पाहिलेले नव्हते. १८६४ साली या तिघांनी बंदुकीच्या गोळीने होणाऱ्या मज्जातंतूंच्या दुखापतींवर लिहिलेले लहानसे पुस्तक हा या साऱ्या विषयाचा पाया ठरला.

मिचेल यांनी रेखाटलेली त्या रोग्यांची चित्रे आज वाचतानाही अंगावर काटा येतो. गोळी दंडात लागलेली असे, पण आग तळहातात होई. हाताची त्वचा रोगण चढविल्यासारखी लाल आणि तुळतुळीत दिसे. रोगी रात्रंदिवस हाताला ओल्या फडक्याचा लपेटा ठेवी आणि पाण्याची बाटली क्षणभरही दूर होऊ देत नसे. ज्याच्या पायास ही व्याधी जडे तो आपल्या बुटांतच पाणी ओतून चाले, कारण कोरड्या कापडाचे किंवा चामड्याचे घर्षण त्याला सोसवत नसे. काहींना तर चांगला हात कोरड्या वस्तूवर घासला गेला तरी दुखऱ्या हातात कळ उठे. शेजारच्या खाटेवर कोणी वर्तमानपत्र उलगडले, वॉर्डात कोणी जरा जोराने पाऊल टाकले, किंवा बाहेरून फौजी बँड वाजत गेला, एवढ्यानेही वेदना भडकत असे. या व्याधीला पुढे कॉझाल्जिया हे नाव मिळाले. तीवर त्या वेळी हाती असलेला एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे अफूचे सत्त्व, मॉर्फीन, आणि त्याच्या सुईचे प्रमाण इतके वाढले की, त्या एका इस्पितळात एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक मात्रा टोचल्या गेल्याचे त्या डॉक्टरांनीच नमूद केले आहे. वेदनेवर अफू आणि अफूवर पुन्हा अफू हे अमेरिकन फौजी इस्पितळांचे दुष्टचक्र एकविसाव्या शतकातील नव्हे, ते तेथपासूनचे आहे.

याच मिचेल यांच्या ग्रंथांत विजेचा एक विलक्षण दाखला आढळतो. खांद्यापासून हात काढून टाकलेल्या एका माणसाला त्या गेलेल्या हाताची जाणीव दोन वर्षांपासून पार नाहीशी झालेली होती. मिचेल यांनी त्याला पूर्वसूचना न देता खांद्याजवळच्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर विजेचा प्रवाह सोडला, तोच तो माणूस 'हात आला' अशा अर्थाचे काहीतरी ओरडला आणि नसलेला तो हात दुसऱ्या हाताने पकडावयास धावला. तुटलेल्या अवयवाच्या या भासमान अस्तित्वाला १८७१ साली मिचेल यांनीच छाया-अवयव अशा अर्थाचे नाव दिले. त्यापूर्वी १८६६ साली चारही अवयव गमावलेल्या एका काल्पनिक अधिकाऱ्याची कथा त्यांनी एका प्रतिष्ठित मासिकात निनावी छापविली होती, आणि ती इतकी खरी वाटली की दयाळू वाचकांनी त्या काल्पनिक जखमी माणसासाठी पैसे पाठविले. कल्पित शिपायावर लोकांनी इतका विश्वास टाकावा आणि खऱ्या शिपायाला मात्र आपल्या वेदनेचा पुरावा देत दारोदार हिंडावे लागावे, ही विसंगती मला फार खुपते.

तशी पाळी त्याच्यावर येत होती हे सांगावयास दुसरीकडे जाण्याचे कारण नाही. टर्नर्स लेनच्या त्याच तीन डॉक्टरांनी त्याच १८६४ साली ढोंगी रोग्यांना ओळखावे कसे यावरही एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ईथर हुंगवून बेशुद्ध होताना किंवा शुद्धीवर येताना लुळा म्हणविणारा हात हलतो काय हे पाहण्याची युक्ती त्यात सांगितली. मी त्यांना दोष देत नाही. सैन्यात रणांगण टाळण्यासाठी सोंग आणणारे होतेच, आणि सरकारी डॉक्टरवर त्यांना हुडकून काढण्याची जबाबदारी होती. पण एकाच डॉक्टराने सकाळी वेदनेची बारीकसारीक लक्षणे श्रद्धेने टिपून घ्यावीत आणि दुपारी त्याच खाटेकडे संशयाने पाहावे, ही द्विधा वृत्ती फौजी वैद्यकात त्या दिवसांपासून जी रुजली ती पुरती गेलेली नाही. पेन्शनीच्या दप्तरात तर ती अधिकच घट्ट बसली. १८६२ च्या कायद्याने पूर्णतः अपंग झालेल्या साध्या शिपायाला दरमहा ८ डॉलर मुक्रर झाले आणि पुढे गेलेला हात, गेलेला डोळा, गेलेला पाय यांचे निरनिराळे दर ठरत गेले. परंतु हात शाबूत असून त्यात रात्रंदिवस निखारा जळतो आहे, अशा माणसाला कोणत्या रकान्यात बसवावे हे कोणत्याही कारकुनाला सांगता येत नव्हते.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे शल्यविशारद रने लरीश यांनी अशाच जखमी सैनिकांवर उपचार करताना रक्तवाहिन्यांभोवतीचे अनुकंपी मज्जातंतू काढून पाहिले, आणि वेदना हा शरीराचा हितकारी इशारा आहे या रूढ समजुतीविरुद्ध, जुनाट वेदना हा स्वतःच एक रोग आहे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या हार्वर्डच्या भूलतज्ज्ञाला दिसून आले की, मोठमोठ्या जखमा झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जण विचारल्यावरही वेदनाशामक औषध नको म्हणत होते, कारण जखमेचा अर्थ त्यांच्यापुरता आता जीव वाचला, घरी जावयास मिळणार, असा होता. तिकडे वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन फौजी इस्पितळात जॉन बोनिका या तरुण भूलतज्ज्ञाच्या हाताखाली जे सैनिक येत होते, त्यांच्या बाबतीत हा सुखद अर्थ केव्हाच विरून गेलेला होता. जखमा भरल्या होत्या आणि वेदना मात्र राहिल्या होत्या. बोनिका स्वतः पूर्वाश्रमीचे व्यावसायिक कुस्तीगीर, आखाड्यातील दुखापती आयुष्यभर अंगावर वागविणारे, म्हणून त्यांना त्या सैनिकांच्या कैफियतीवर विश्वास ठेवणे जड गेले नाही. निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र बसवून एकेका रोग्याचा विचार करण्याची त्यांनी पाडलेली पद्धत आणि त्यांचा १९५३ चा ग्रंथ यांतूनच पुढे वेदना-चिकित्सालये उभी राहिली.

आपल्याकडेही या दोन्ही युद्धांच्या खुणा आहेत. पहिल्या महायुद्धातील अपंग हिंदी शिपायांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली आणि पुढे खडकीस नेलेली क्वीन मेरी संस्था, १९४४ साली पुण्यात निघालेले कृत्रिम अवयव केंद्र, आणि मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीसच चालविलेले पुनर्वसन केंद्र, ही पुणेकरांच्या नित्य वाटेवरची ठिकाणे आहेत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पदकाचा अभिमान आपण बाळगतो तो योग्यच; पण अशा माणसांच्या रात्री कशा जातात याची विचारपूस आपल्या वाङ्मयात फारशी झालेली नाही.

बोनिकांप्रमाणेच विल्यम लिव्हिंगस्टन यांनीही अमेरिकन आरमाराच्या इस्पितळात मज्जातंतू तुटलेल्या सैनिकांवर उपचार केले होते, आणि त्यांच्या ऑरेगॉनमधील विभागात शिकून गेलेल्या रोनाल्ड मेलझॅक या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने पॅट्रिक वॉल या इंग्रज शरीरशास्त्रज्ञासह नोव्हेंबर १९६५ मध्ये सायन्स या साप्ताहिकात तो लेख लिहिला, ज्याने वेदनेविषयीची जुनी कल्पना उलथून टाकली. वेदना ही जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ जाणारी घंटेची दोरी आहे असे तोवर समजले जाई. या दोघांनी म्हटले की मज्जारज्जूतच एक दरवाजा आहे, स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू चेतले म्हणजे तो मिटू लागतो आणि वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचा निरोप आत अडतो. पोराच्या कपाळाला टेंगूळ आले की आई ते चोळते आणि पोर रडायचे थांबते, त्यामागील कारण असे प्रथमच शास्त्रीय भाषेत मांडले गेले. मग जाड तंतूंनाच विजेने चेतविले तर? वॉल यांनी विल्यम स्वीट या शल्यविशारदाबरोबर हा प्रयोग करून पाहिला, आणि रोग्यांच्या आधी दोघांनी आपल्याच गालातील मज्जातंतूजवळ सुया खुपसून घेतल्या, ही गोष्ट मला त्यांच्या निष्कर्षाइतकीच मोलाची वाटते.

नॉर्मन शीली हे शल्यविशारद त्यापुढे एक पाऊल गेले. तंतू एकेक शोधीत बसण्यापेक्षा जेथे स्पर्शाचे सारे जाड तंतू एकत्र वर चढतात त्या मज्जारज्जूच्या पाठीमागच्या अंगावरच वीज का सोडू नये, असा त्यांचा विचार होता. आणि थॉमस मॉर्टिमर या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तयार केलेला विद्युदग्र त्यांनी मार्च १९६७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने शेवटच्या अवस्थेत पोहोचलेल्या एका वृद्धाच्या पाठीत बसविला. वेदना उतरली, रोगी मात्र फार दिवस जगला नाही. शरीरात यंत्र पुरण्याची विद्या त्या सुमारास हृदयाच्या कृत्रिम गतिकारकामुळे हाती आलेली होती, आणि येथेही माजी सैनिकांचा संबंध येतो: अमेरिकेत पूर्णतः शरीरात बसविता येण्याजोगा पहिला यशस्वी गतिकारक आरमारात रेडिओचे काम केलेल्या विल्सन ग्रेटबॅच यांनी डॉक्टर विल्यम चार्डॅक यांच्यासह बफेलो येथील माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात सिद्ध केला, आणि १९६० साली तो रोग्यांच्या शरीरात बसू लागला. मिनियापोलिसच्या मेडट्रॉनिक कंपनीने आधी तो गतिकारक आणि मग शीली यांच्या धर्तीचा वेदना-उत्तेजक बाजारात आणला.

आरंभीची ती यंत्रे ओबडधोबड होती. मणक्याचा भाग कापून विद्युदग्र बसवावा लागे, बॅटरी बाहेर कमरेला बांधावी लागे आणि कातडीवर चिकटविलेल्या चकतीतून आत लहरी पाठवाव्या लागत. तारा तुटत, सरकत. आणि शीली यांनी स्वतःच काही वर्षांत हे काम सोडून दिले. पुढे सुईतून सरकविता येणारी तार, शरीरातच राहणारी लिथियम बॅटरी आणि २००४ च्या सुमारास कातडीवरूनच पुन्हा भरता येणारी बॅटरी, अशी सुधारणा होत गेली. सर्वांत शहाणपणाची सुधारणा मला वाटते ती चाचणीची: आता सुयांतून तारा आत सोडून बॅटरी बाहेरच ठेवतात, रोग्याला आठवडाभर घरी पाठवितात, आणि त्याने स्वतः सांगितल्यावरच कायमची शस्त्रक्रिया करावयाची की तारा ओढून काढावयाच्या ते ठरते. वेदना निम्म्याने किंवा अधिक उतरली तर चाचणी यशस्वी झाली असे मानण्याचा प्रघात आहे. ईथर हुंगवून खरेखोटे करण्यापासून वैद्यक येथवर आले याचा मला मनापासून आनंद वाटतो.

उपचाराचा गुण किती येतो याविषयी मात्र डोळे उघडे ठेवूनच बोलले पाहिजे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, पाठीची शस्त्रक्रिया होऊनही पाय दुखत राहिलेल्या १०० रोग्यांच्या परीक्षेत सहा महिन्यांनी यंत्रवाल्यांपैकी ४८ टक्क्यांची आणि केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ९ टक्क्यांची पायातील वेदना निम्म्याने उतरली होती. २०१६ साली मज्जारज्जूच्या शेजारच्या गंडिकेवर वीज सोडणाऱ्या नव्या जातीच्या यंत्राला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती नेमकी कॉझाल्जिया आणि तिच्या सजातीय व्याधीसाठी, म्हणजे टर्नर्स लेनच्या ओल्या फडक्यांवर दीडशे वर्षांनी स्वतंत्र उपाय मंजूर झाला. उलट २०२२ साली नॉर्वेतील ५० रोग्यांवर यंत्र काही काळ चालू आणि काही काळ, रोग्याला कळू न देता, बंद ठेवून पाहिले, तेव्हा त्या विशिष्ट पद्धतीच्या विजेने काही लक्षात घेण्याजोगा फरक पडल्याचे आढळले नाही. २०१८ साली पत्रकारांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अमेरिकेच्या सरकारी दप्तरातून दाखवून दिले की, २००८ पासून या यंत्रांबाबत इजा झाल्याच्या ८०,००० हून अधिक तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. प्रत्येक तक्रार यंत्रामुळेच असे सिद्ध होत नसले तरी तो आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. तार जागची हलते, जंतुसंसर्ग होतो, बॅटरीची जागाच दुखू लागते, आणि काही वर्षांनी ती बदलण्यासाठी पुन्हा टेबलावर जावे लागते. २०१३ पासून अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळांनी अफूजन्य गोळ्या कमी करण्याची मोहीम हाती घेतली ती आवश्यकच होती. पण गोळी काढून घेतली म्हणून तार बसवून घ्यावी, असे कोणाही शिपायाला वाटावयास लागता कामा नये.

पेन्शनीच्या दप्तराच्या बाजूनेही शेवटी एक दार उघडले. १९९९ पासून अमेरिकन न्यायालयांची अशी भूमिका होती की, ज्या वेदनेमागे निश्चित रोगाचे निदान नाही ती पेन्शनीच्या हेतूने अपंगत्व ठरत नाही. गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या एका माजी महिला सैनिकाने या भूमिकेविरुद्ध दाद मागितली, आणि एप्रिल २०१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की, कामाची शक्ती कमी करणारी वेदना ही, तिच्या मुळाशी रोग सापडो वा न सापडो, अपंगत्व ठरू शकते. फौजी इस्पितळाच्या डॉक्टरांनी १८६४ साली जे डोळ्यांनी पाहिले होते ते कायद्याच्या तोंडून वदवून घेण्यास एवढा काळ जावा लागला.

आज जो जायबंदी सैनिक हा उपचार घ्यावा की न घ्यावा या विचारात असेल, त्याला माझे सांगणे इतकेच आहे की, घाई करू नये. चाचणीच्या आठवड्यात वेदनेला दहापैकी किती गुण द्यावे एवढ्यावर थांबू नये. रात्री झोप किती लागली, जिना किती वेळा चढता आला, मुलाला उचलून घेता आले काय, हे रोजच्या रोज कागदावर लिहून ठेवावे. पुढे एम.आर.आय. करण्याचा प्रसंग आला तर हे यंत्र अंगात चालेल काय, बॅटरी संपेल तेव्हा शस्त्रक्रिया कोण करील, आणि यंत्र काढावयाचे झाले तर त्याची जबाबदारी कोणाकडे, या तीन गोष्टींची उत्तरे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावीत. आणि जे या माणसांची प्रकरणे हाताळतात त्यांना विनंती अशी की, सारे समजून घेऊन त्याने हा उपचार नाकारला, तर तो नकार त्याची वेदना खोटी असल्याचा पुरावा म्हणून त्याच्या दप्तरात कधीही नोंदवू नये.